श्रेयनामावली वाचत वाचत

माझ्याकडे तीन विद्यापीठांची प्रवेशपत्रं होती आणि उत्तर कळवायला एकवीस दिवस. चौथ्या ठिकाणी मुलाखतीनंतर नकार आला होता. ज्यासाठी दीड वर्ष झटले ते हातात आलं आणि माझी झोप उडाली. अर्ज करताना माझ्या मनात एकच प्रश्न होता, मला घेतील का? मी कुठे जावं, याचा विचार मी केलाच नव्हता.

माझी पदवी अर्थशास्त्राची. त्यानंतर तीन वर्षं मी एका संकलकांकडे असिस्टंट होते. रशेस म्हणजे शूट होऊन आलेलं कच्चं चित्रण लावायचं, साउंड चित्राशी जुळवायचा, टेकच्या नोंदी ठेवायच्या, निर्मात्याला दाखवायला कट तयार ठेवायचा. काम आवडत होतं. पण समोर आलेला शॉट बरा की वाईट हे कळायचं. तो तिथूनच, त्याच लेन्सवर, तेवढाच वेळ का घेतला, हे मला सांगता येत नव्हतं. मला दिग्दर्शन शिकायचं होतं.

शिकायला संस्थेत जायलाच हवं का, यावर ओळखीच्या प्रत्येकाकडे ठाम मत होतं. त्रुफो आणि गोदार हे नावाजलेले फ्रेंच दिग्दर्शक फिल्म स्कूलमध्ये गेले नाहीत, हे मला निदान पाच जणांनी सांगितलं. त्यांच्याच देशातले दिग्दर्शक अलँ रेने १९४३ साली पॅरिसच्या इदेक या संस्थेच्या पहिल्या तुकडीत दाखल झाले आणि फार काळ तिथे टिकले नाहीत, हेही खरं. पण दिग्दर्शक म्हणून नाव झालेले मिलोश फोरमन, वेरा खितिलोवा आणि यिरी मेन्झेल प्रागच्या फामू या फिल्म स्कूलचे विद्यार्थी, आंद्रे वायदा पोलंडमधल्या वूचच्या फिल्म स्कूलमधले, अडूर गोपालकृष्णन आणि मणी कौल पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधले. दोन्ही बाजूंची यादी हवी तेवढी लांबवता येते, म्हणून यादीने निकाल लागत नाही. माझ्यापुरतं उत्तर साधं होतं. मला चुका करायला जागा हवी होती. व्यावसायिक सेटवर असिस्टंटची चूक म्हणजे सगळ्या युनिटचा वाया गेलेला दिवस. तिथे चूक लपवायला शिकतात, तपासायला नाही.

तर तीन ठिकाणं. नावं सांगत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

पहिलं खूप गाजलेलं, मोठ्या विद्यापीठाचा चित्रपट विभाग. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, उत्तम स्टुडिओ, नवे कॅमेरे, डॉल्बीचं मिक्सिंग थिएटर. दुसरं विद्यापीठाशी संलग्न असलं तरी वळण कॉन्झर्व्हेटरीचं, म्हणजे एकेका कलेचं प्रत्यक्ष काम शिकवणाऱ्या संस्थेचं. दोन वर्षं, पहिल्या दिवसापासून आपापली शाखा. तिसरा एका सार्वजनिक विद्यापीठातला लहान विभाग. दरवर्षी बारा विद्यार्थी, पहिल्या वर्षी सगळं काम १६ मिलिमीटर फिल्मवर, डिजिटल कॅमेरे दोन पिढ्या जुने.

पहिल्या आठवड्यात मी एक मोठा तक्ता केला. फी, कालावधी, शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, क्रमवारीतलं स्थान. क्रमवारीचा रकाना मी चौथ्या दिवशी काढून टाकला. नामवंत माजी विद्यार्थी किती, उद्योगातल्या लोकांना काय वाटतं, अशा गोष्टींवरून ती ठरते. वीस वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला तिथे कोणी शिकवलं आणि ते शिक्षक आता आहेत का, हे त्या आकड्यातून कळत नाही. फी आणि शिष्यवृत्तीचे रकाने मात्र शेवटपर्यंत राहिले. कर्जाचा हप्ता सुरू झाल्यावर माणूस कुठलं काम नाकारू शकतो आणि कुठलं नाही, हे मी संकलनाच्या खोलीत पाहिलं होतं.

खरा फरक अभ्यासक्रमाच्या रचनेत होता आणि तो समजायला मला वेळ लागला. एक पद्धत अशी की प्रवेश घेतानाच तुमची शाखा ठरते. लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या कॉन्झर्व्हेटरीत दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, निर्मिती, पटकथा आणि प्रॉडक्शन डिझाइन अशा सहा शाखा आहेत आणि या शाखांतले विद्यार्थी मिळून फिल्म करतात. ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्येही एमएला येणारा विद्यार्थी एका विषयात येतो. दुसरी पद्धत सगळ्यांनी सगळं करायचं अशी. आज तू दिग्दर्शक, पुढच्या आठवड्यात बूम, म्हणजे काठीवरचा माइक, धरायचा. पहिल्या पद्धतीत हात लवकर बसतो. दुसरीत आपला हात नेमका कशात आहे ते कळतं. स्वतःची दिशा पक्की असेल त्याला पहिली बरी, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटतं, दिग्दर्शन करायचं हे पक्कं असलेल्यालाच दुसरीची जास्त गरज असते.

इथे एक खाच आहे आणि ती माहितीपत्रकात सापडत नाही. काही मोठ्या विभागांत शेवटच्या टप्प्याला प्रत्येकाला स्वतःची फिल्म करायला मिळत नाही. विद्यार्थी आपली कल्पना समितीपुढे मांडतात, मोजक्या निवडल्या जातात, बाकीचे त्या निवडलेल्या फिल्म्सवर काम करतात. पद्धत चुकीची नाही, व्यवसायातही असंच होतं. पण दिग्दर्शन शिकायला जाणाऱ्याला हे आधी कळायला हवं. मी तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न लिहून पाठवला: प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी अभ्यासक्रम संपेपर्यंत स्वतः किती फिल्म्स दिग्दर्शित करतो, आणि त्यांतली हमखास मिळणारी किती? गाजलेल्या विभागाकडून दोन पानी उत्तर आलं, त्यात आकडा नव्हता. पुन्हा विचारल्यावर आला. हमखास दोन, त्याही पहिल्या वर्षी. तिसरी समितीवर अवलंबून. लहान विभागाचं उत्तर एका ओळीचं होतं. पाच, आणि शिवाय दुसऱ्यांच्या किमान वीस फिल्म्सवर काम.

मग मी विद्यार्थ्यांच्या फिल्म्स बघायला बसले. कान महोत्सवात १९९८ पासून जगभरच्या फिल्म स्कूलमधल्या फिल्म्सची वेगळी निवड होते आणि प्रत्येक नावापुढे शाळेचं नाव असतं. सुरुवात तिथून केली. पण लवकरच लक्षात आलं की महोत्सवात पोचते ती त्या वर्षाची सगळ्यात उजवी फिल्म, आणि मी त्या वर्षाची सगळ्यात उजवी विद्यार्थिनी असेनच असं नाही. मला सबंध तुकडीच्या फिल्म्स बघायच्या होत्या, मधल्या आणि फसलेल्याही. तिन्ही ठिकाणी विनंती केली. पहिल्याने निवडक सहा पाठवल्या. दुसऱ्याने एका वर्षाच्या सगळ्या. तिसऱ्या विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी दोन वर्षांच्या सगळ्याच्या सगळ्या फिल्म्सची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, आवाज हेडफोन लावून ऐका.

त्या फिल्म्स मी रात्री काम संपल्यावर, संकलनाच्याच मॉनिटरवर पाहिल्या. गाजलेल्या विभागातल्या सहाही देखण्या होत्या. प्रकाशयोजना निर्दोष, रंग एकसारखे, ड्रोनचे शॉट, वाद्यवृंदाचं संगीत. मी प्रभावित झाले होते. पण असिस्टंटची सवय म्हणून श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचायची असते. तिथे साठ-साठ नावं होती आणि पुष्कळशी विद्यार्थ्यांची नव्हती. सहापैकी चार फिल्म्सचा छायालेखक बाहेरचा होता. दिग्दर्शकाचं नाव मोठ्या अक्षरांत यायचं, पण तेच नाव वर्गमित्राच्या फिल्ममध्ये कुठे लाइट धरायला, कुठे क्लॅप मारायला सापडतं का, ते मी शोधलं. सापडलं नाही.

लहान विभागाच्या फिल्म्स पहिल्या दहा मिनिटांत निराश करतात, हे मान्य करायला हवं. एकीत संवादावर वाऱ्याची घरघर होती, दुसरीत रात्रीचे शॉट इतके अंधारे की चेहरे दिसेनात. पण एक फिल्म मी परत परत पाहिली. वारलेल्या वडिलांचे शर्ट मुलगी घडी घालून ठेवते आहे. कॅमेरा हलत नाही, कट नाही. तिसऱ्या शर्टाला ती एक बटण चुकीच्या काजात घालते, तिच्या ते लक्षात येतं, आणि ती ते तसंच ठेवून देते. बस्स. मी कट करायला बसले असते तर बटणाचा क्लोजअप मागितला असता. तो नव्हता म्हणून ते बटण मला माझं मला सापडलं. त्या फिल्मच्या श्रेयनामावलीत बारा नावं होती. पुढची फिल्म लावली तर तीच बारा नावं, जागा बदलून. शर्टांच्या फिल्मची दिग्दर्शिका इथे साउंड करत होती. तिसरीत ती फोकस ओढत होती, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळत होती. एका वहीत मी सगळ्यांची नावं आणि कामं लिहीत गेले आणि वहीच्या चार पानांवर मला एक सबंध वर्ग काम करताना दिसायला लागला.

जुन्या साधनांची भीती मात्र गेली नव्हती. त्या दिवसांत मी मॉस्कोच्या शाळेबद्दल वाचत होते. १९१९ साली सुरू झालेली ही जगातली पहिली फिल्म स्कूल. यादवी युद्धाचा काळ, कच्च्या फिल्मचा भयंकर तुटवडा. तिथले शिक्षक आणि दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेत विद्यार्थी फिल्मशिवाय फिल्म करायचे. दृश्यं शॉटगणिक बसवायची, नटांनी ती तशीच साकारायची, आणि कॅमेऱ्यात घालायला फिल्मच नाही. संकलनाबद्दलचं जे मूलभूत काम आजही प्रत्येक शाळेत शिकवलं जातं, त्यातलं बरंचसं या टंचाईच्या आगेमागे घडलं. टंचाई असली की शिक्षण आपोआप चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. टंचाईने पुष्कळ शाळा नुसत्या मेल्याही असतील. पण कॅमेरा कुठल्या सालचा, यापेक्षा तो हातात येण्याआधी विद्यार्थ्याला काय विचारलं जातं, हे बघायला हवं, एवढं मला पटलं.

ते बघायला वर्गात बसावं लागतं. विद्यार्थ्यांच्या कामावर चर्चा होते त्या एखाद्या तासाला मला बसू द्या, असं मी तिन्हीकडे कळवलं. दुसऱ्या संस्थेने नियमावर बोट ठेवून नकार दिला. पहिलीने ऑनलाइन बसू दिलं. बाहेरून आलेले दोन निर्माते होते. ही फिल्म कुठल्या महोत्सवात जाईल, लांबी किती कमी करावी, नाव बदलावं का, यावर ते नेमकं बोलले. उपयोगी होतं, मी टिपणंही घेतली. पण दीड तासात एकदाही कुणी एखादा शॉट पुन्हा लावून पाहिला नाही.

लहान विभागात मी प्रवास करून गेले. जुनी इमारत, पंचवीस खुर्च्यांचं प्रोजेक्शन थिएटर. एका मुलाचा कच्चा कट होता. साठीतल्या सरांनी सगळा कट एकदा दाखवला, मग त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा निवडला. तो आवाज बंद करून लावला. मग पडदा काळा ठेवून नुसता आवाज ऐकवला. मग दोन्ही एकत्र. मत कुणी द्यायचं नाही, काय दिसलं आणि काय ऐकू आलं तेवढंच सांगायचं. एक मुलगी म्हणाली, “आवाज नव्हता तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलेलं दिसलं. आवाजासकट पाहिलं तेव्हा नाही दिसलं.” सरांनी कट केलेल्या मुलाकडे नुसतं बघितलं. तो थोड्या वेळाने म्हणाला, “कट तिच्या वाक्यावर पडलाय. तिची नजर त्यानंतर वळते.”

मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला घाम फुटला. तीन वर्षं मी वाक्यं संपली की कट करत होते. वाक्य संपलं, समोरच्याचा चेहरा. त्याचं वाक्य संपलं, हिचा चेहरा. तसंच करायचं असतं, एवढं मला माहीत होतं. त्या मुलाला कुणी काही सांगितलं नव्हतं, त्याला तीन वेळा पाहायला लावलं होतं.

तिथेच निर्णय झाला असता. पण मी विद्यार्थ्यांना फोन करायचं ठरवलं होतं आणि ते केलं. याबाबतीत एक गोष्ट मी कुणालाही आवर्जून सांगते. कार्यालय ज्यांचे नंबर देतं, त्यांच्यापाशी थांबू नका. श्रेयनामावलीतून नावं काढा, आणि दिग्दर्शकांऐवजी साउंडच्या आणि संकलनाच्या विद्यार्थ्यांशी बोला. दिग्दर्शनाचा विद्यार्थी स्वतःच्या फिल्मबद्दल बोलतो. साउंडचा विद्यार्थी सगळ्यांच्या फिल्म्सवर असतो, कुठल्या फिल्मला वेळेवर रेकॉर्डर मिळाला आणि कुठल्या नाही, हे त्याला तोंडपाठ असतं.

लहान विभागातल्या एका ताईंनी मला तासभर दिला. साधनांची खोली शनिवार-रविवार बंद असते, सबंध तुकडीत चांगले रेकॉर्डर दोनच, संकलनाच्या खोल्या मात्र रात्रभर उघड्या असतात. मग त्या म्हणाल्या, “तू ज्या सरांच्या तासाला बसलीस ना, ते पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. तुला कुणी सांगितलं की नाही?”

कुणी सांगितलं नव्हतं. मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण मी विभाग नाही, एक माणूस निवडत होते. उत्तर कळवायला नऊ दिवस उरले होते. मी विभागाला पत्र लिहिलं, दुसऱ्या कुणाच्याही तासाला मला बसू द्या, ऑनलाइन चालेल. तीन दिवसांनी एका तरुण मॅडमच्या पटकथेच्या तासाला बसले. विषय वेगळा, स्वभाव वेगळा, बोलणं भरभर. पण त्यांनीही एक प्रसंग घेतला आणि तो आधी सगळे संवाद काढून वाचायला लावला. तेव्हा कळलं की ती पद्धत एकट्या सरांची नव्हती.

दुसऱ्या संस्थेतल्या संकलनाच्या मुलाने मला फिल्मच्या मालकीबद्दल विचारायला सुचवलं. माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. काही संस्थांमध्ये विद्यार्थ्याने केलेल्या फिल्मचा कॉपीराइट संस्थेकडे राहतो, काही ठिकाणी विद्यार्थ्याकडे. पुढे तीच कथा वाढवून मोठी फिल्म करायची म्हटली, किंवा फिल्म कुठे दाखवायची झाली, की हा फरक आडवा येतो. आणि शेवटच्या फिल्मचा खर्च कोण करतं, हा त्याचा जुळा भाऊ. पहिल्या ठिकाणी पैसे विद्यार्थ्याने उभे करायचे आणि हक्क संस्थेचे. साठ नावांच्या श्रेयनामावलीचा अर्थ मला तेव्हा लागला. दुसऱ्या ठिकाणी हक्क वाटून. लहान विभाग प्रत्येकाला सारखी रक्कम आणि सारखीच कच्ची फिल्म देतो, आणि बाहेरचा पैसा आणायला मनाई करतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्याची फिल्म वरचढ ठरू नये म्हणून हा नियम. ते वाचून मला त्या विभागाबद्दल फार आदर वाटला, आणि आजही वाटतो.

घरी बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते बँकेतले, त्यांना नावापेक्षा नोंदी महत्त्वाच्या. “दहा वर्षांपूर्वी तिथून बाहेर पडलेले लोक आज काय करतात, ते काढ,” म्हणाले. मी लहान विभागाच्या दहा वर्षांपूर्वीच्या तुकडीची नावं काढली आणि दोन संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती शोधली. दोघं संकलक, एक जण मालिकांचं ध्वनिआरेखन करतो, एकीचे दोन माहितीपट झाले आहेत, एक शिकवतो, एक जाहिराती करतो. कथापट दिग्दर्शित करणारा एकच सापडला. बाकीच्यांचा काहीच पत्ता लागला नाही. बाबांनी वही मिटली आणि म्हणाले, “यातल्या प्रत्येकाचं काम तुला चाललं असतं का?” मी विचार करून हो म्हटलं. एकाबद्दल तरी नाही म्हणाले असते तर बाबांनी मला जाऊ दिलं असतं, पण काळजीने.

एकविसाव्या नव्हे, एकोणिसाव्या दिवशी मी लहान विभागाला होकार कळवला. गाजलेल्या विभागाला नकाराचं पत्र लिहायला दोन तास लागले. ते नाव, तिथले वर्गमित्र, उद्योगाशी असलेल्या ओळखी हे सगळं मी सोडत होते आणि त्याची किंमत आहे. आजही कामासाठी ओळख करून देताना ते नाव असतं तर दार लवकर उघडलं असतं, असं दोन-तीनदा वाटून गेलं आहे. दुसऱ्या संस्थेत जागा धरून ठेवायला भरलेली रक्कम परत मिळाली नाही. परत न मिळण्याची अट मी सही करण्याआधी वाचली नव्हती.

पहिल्या सत्राचा पहिला अभ्यास होता १६ मिलिमीटरचा शंभर फुटांचा एक रोल. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या गतीने तो दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आसपास चालतो. आवाज नाही, संकलन नाही. ज्या क्रमाने दिसायला हवं त्याच क्रमाने शूट करायचं. मी आठ दिवस हातात स्टॉपवॉच घेऊन फिरले. एकेक शॉट कागदावर, मग नुसत्या डोळ्यांनी, मग वर्गमित्राला उभं करून. एकूण अकरा शॉट. लॅबमधून रोल धुऊन आला तेव्हा चौथा शॉट फोकसमध्ये नव्हता आणि नवव्यात माझीच सावली होती.

बारा रोल सलग दाखवले. प्रत्येकाच्या शेवटी हाताने लिहिलेली पाटी, तीही त्याच शंभर फुटांत बसवायची. माझं नाव दिग्दर्शनाला एकदा आलं, फोकसला तीनदा, लाइटला चारदा. मग सरांनी माझा चौथा शॉट पुन्हा लावायला सांगितला, तो धूसर झालेला, आणि वर्गाला विचारलं, काय दिसलं?